जुन्या डेस्कटॉपचे यूएसबी पोर्ट एकामागून एक बंद पडताहेत, मदत हवी

कातळसडा
४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. मशीन २०१२ चं, असेंबल केलेलं. एच६१ चिपसेटचा बोर्ड, आय३-२१२०, ४ जीबी रॅम. तीन वर्षांपूर्वी एसएसडी बसवली, तेव्हापासून वेगाबद्दल काही तक्रार नाही. विंडोज १० आहे.

अडचण यूएसबीची आहे. पुढचे दोन पोर्ट दोन वर्षांपूर्वीच गेले, तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. मागे सहा आहेत. दिवाळीच्या आधी लॅन केबलच्या खालचे दोन बंद पडले. पेनड्राइव्ह लावला तर त्याचा दिवासुद्धा लागत नाही. मधल्या जोडीतला एक 'डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' म्हणतो. उरले तीन. त्यांवर माउस, प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र. कीबोर्ड जुन्या गोल पिनेचा आहे म्हणून निभावलं. डिजिटल सहीचा टोकन लावायचा तर प्रिंटर काढावा लागतो.

आणि आता उरलेलेही दगा देताहेत. अंगठा ठेवला की यंत्राचा लाल दिवा मध्येच विझतो, विंडोजचा तो 'टुडुंग' आवाज येतो आणि सगळं पहिल्यापासून. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. काल एक आजी वाडीवरून दोन किलोमीटर चालत आल्या होत्या. त्यांचा अंगठा सहा वेळा ठेवून घेतला आणि शेवटी उद्या या म्हणून परत पाठवलं. फार वाईट वाटलं.

तालुक्याच्या गावी एकाला दाखवलं. त्याने मागचे पोर्ट बघितले आणि मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या, पस्तीस हजार म्हणाला. उघडूनही बघितलं नाही. खरंच बोर्ड गेलाय का, हे मला कळून घ्यायचंय. सांगाल ते मी करून बघीन, स्क्रू ड्रायव्हर हातात धरायची भीती नाही.


झेडपी मास्तर
४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

ताई, आमच्या शाळेच्या संगणक कक्षात याच वयाची आठ मशीन आहेत, त्यातल्या तीनवर असंच होत होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, सगळ्यात खाली 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' उघडा. प्रत्येक 'यूएसबी रूट हब'वर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, तिथे वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करायला परवानगी आहे अशा अर्थाची ओळ असते. तिची बरोबरची खूण काढा. शिवाय कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. आमची तिन्ही मशीन एवढ्यावर सुधारली.


पेंग्विनप्रेमी
४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मास्तरांचा उपाय आधी कराच, फुकटचा आहे. त्याच्याही आधी एक: मशीन बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि केबल काढलेली असतानाच चालू करायचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा. मशीन 'बंद' असतानाही बोर्डाला स्टँडबायचे ५ व्होल्ट मिळत असतात, त्यामुळे गोंधळलेला यूएसबी कंट्रोलर नुसत्या रीस्टार्टने शुद्धीवर येत नाही. पूर्ण वीज गेली की येतो.

सगळीकडे सांगतात की कंट्रोलर अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज ते परत टाकतं. बरोबर आहे, पण तसं केल्यावर यूएसबीचा माउस त्या क्षणी मरतो. तुमचा कीबोर्ड पीएस/२ (गोल पिनेचा) आहे, त्यामुळे तुम्ही अडकणार नाही.

पण लॅनखालच्या जोडीबद्दल तुम्ही जे लिहिलंय (दिवाच लागत नाही) ते मला सॉफ्टवेअरचं वाटत नाही. विंडोजला पेनड्राइव्ह ओळखता आला नाही तरी ५ व्होल्ट पोचले की बहुतेक पेनड्राइव्हचा दिवा क्षणभर तरी लुकलुकतो. तिथे वीजच नाहीये.

खात्री करायची तर लिनक्सची लाइव्ह आवृत्ती पेनड्राइव्हवर टाका आणि चालणाऱ्या पोर्टातून मशीन त्यावर सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, फक्त 'ट्राय' निवडायचं. एसएसडीवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. मग टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' (sudo dmesg -w) लिहून एंटर, आणि एकेका पोर्टात माउस लावून काय ओळी उमटतात बघा. जो पोर्ट विंडोजमध्येही बंद आणि लिनक्समध्येही बंद, त्याचा दोष ड्रायव्हरकडे नाही.


नवं ते सोनं
५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

तेरा वर्षं चाललं, पैसे वसूल झाले. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आय३-२१२० वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, त्याला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. लोकांचे आधार नंबर आणि अंगठे ज्या मशीनवरून जातात ते असं ठेवणं मला पटत नाही. मी तुम्हाला खर्चात पाडायला सांगत नाहीये. ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप मिळतात, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. बोर्डाच्या दुरुस्तीवर घातलेला रुपया परत येत नाही.


कातळसडा
५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

सगळ्यांचे आभार. दुपारी गर्दी ओसरल्यावर केलं ते सांगते.

मास्तरांचं सेटिंग केलं. केबल काढून बटण वीस सेकंद दाबलं. फरक पडला नाही.

लिनक्स चालवून बघितलं, पहिल्यांदाच. लॅनखालच्या जोडीत माउस लावला तर एकही ओळ आली नाही. मधल्या जोडीतल्या बिघडलेल्या पोर्टात लावल्यावर 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१' असं चार वेळा. वरच्या जोडीत सगळं व्यवस्थित. आणि एक ओळ मी काही न लावताच दिसत होती, तिच्यात 'ओव्हर-करंट कंडिशन' असे शब्द होते.

@नवं ते सोनं, सपोर्टचं तुमचं म्हणणं खरं आहे, ते डोक्यात आहे. पण हा महिना पार पडल्याशिवाय मला मशीन बदलता येणार नाही. अंगठ्याचं यंत्र, टोकन, प्रिंटर हे सगळं नव्यावर पुन्हा बसवायचं तर दोन-तीन दिवस केंद्र बंद ठेवावं लागेल.


तांब्याची तार
५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताई, मी इचलकरंजीत बोर्ड दुरुस्तीचं काम करतो. तुम्ही फार व्यवस्थित लिहिलंय, त्यामुळे इतक्या लांबून सांगता येतंय. तुमच्या मशीनला एक नाही, तीन वेगवेगळे आजार दिसताहेत.

पहिला, ओव्हर-करंट. यूएसबीच्या साध्या पोर्टात चार पट्ट्या असतात: ५ व्होल्ट, डेटाच्या दोन आणि ग्राउंड. पोर्टाच्या ५ व्होल्टच्या वाटेवर बोर्डावर एक छोटा फ्यूज असतो, पॉलिफ्यूज म्हणतात. बहुतेक वेळा दोन पोर्टांना मिळून एक. जास्त करंट गेला की तो तापतो आणि वाट अडवतो, थंड झाला की पुन्हा सोडतो. म्हणजे जळून जाणारा फ्यूज नाही तो. आता कुठे शॉर्ट कायमचाच असेल तर तो कायमच अडवून बसणार. आणि काही बोर्डांवर पुढच्या पोर्टांचा ओव्हर-करंटचा इशारा मागच्या एखाद्या जोडीशी जोडलेला असतो. पुढे शॉर्ट झालं की मागची जोडी बंद. म्हणून टॉर्च मारून पुढच्या पोर्टांत बघा. आतली प्लॅस्टिकची जीभ शाबूत आहे का? पट्ट्या वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकल्यात का?

दुसरा, एरर -७१. वीज पोचतेय पण डेटाचं बोलणं होत नाहीये. एक तर पट्ट्यांवर गंज-मळ आहे किंवा आत चिपसेटकडची डेटा लाइन गेलीय. पहिलं असेल तर साफ होतं. दुसरं असेल तर त्या पोर्टाचा नाद सोडायचा.

तिसरा, अंगठ्याचं यंत्र मध्येच बंद पडणं. मला इथे एसएमपीएसचा (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) संशय आहे. लोड आला की ५ व्होल्ट खाली बसत असणार.

मल्टिमीटर आहे का? तीनशे रुपयांचा पिवळा चालेल. एक जुनी डेटा केबल घ्या, मोबाइलकडचं टोक कापा, लाल आणि काळी वायर सोला. ही दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका, लांब ठेवून चिकटपट्टी लावा. मीटर डीसी २० वर. प्रत्येक पोर्टात केबल घालून मोजा. ४.७५ ते ५.२५ मध्ये यायला हवं. आणि नुसतं मोजू नका, शेजारच्या पोर्टात अंगठ्याचं यंत्र चालू असतानाही मोजा. रिकाम्या पोर्टाचा आकडा फसवतो.

मीटर नसेल तर मोबाइल लावून बघा. चार्ज होतोय पण कॉम्प्युटरला दिसत नाही, म्हणजे वीज ठीक आणि डेटा मेला. केबल मात्र डेटाची आहे ना याची दुसऱ्या मशीनवर खात्री करा. निव्वळ चार्जिंगच्या केबलने कितीतरी चांगले पोर्ट मेलेले ठरवलेत लोकांनी.


कातळसडा
६ नोव्हेंबर, रात्री १०:००

तांब्याची तार दादा, तुम्ही इथून बघितल्यासारखं सांगितलंत!

पुढच्या दोनपैकी डाव्या पोर्टातली जीभ तुटून आत आडवी पडली होती. चारही पट्ट्या मोकळ्या होऊन वर वळल्या होत्या आणि एक तर सरळ पत्र्याला टेकलेली. कधीतरी कुणी पेनड्राइव्ह उलटा दाबला असेल. दोन वर्षं ते तसंच होतं.

पॉवर केबल काढली, बाजूचं झाकण उघडलं. पुढच्या पोर्टांची वायर बोर्डावर कुठे जाते ते शोधलं. खालच्या कडेला नऊ पिनांचा एक सॉकेट आहे, दहावी जागा रिकामी. तिथून तो जोड हळूच ओढून काढला. चालू करायच्या बटणाच्या बारीक वायरी शेजारीच होत्या, त्यांचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

मशीन सुरू केलं. लॅनखालच्या दोन्ही पोर्टांत पेनड्राइव्हचा दिवा लागला! दोन्ही चालतात! एक रुपया न खर्चता दोन पोर्ट परत आले. मी खुर्चीतून उठून आईला सांगायला गेले.

मापं अशी (मीटर शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडून आणला):
लॅनखालची जोडी, रिकामी असताना ४.८९.
मधला बिघडलेला पोर्ट ४.९०. मोबाइल चार्ज होतो, दिसत नाही.
वरची जोडी रिकामी ४.८८. एकात अंगठ्याचं यंत्र चालू असताना दुसऱ्यात ४.६१, आणि अंगठा ठेवला की ४.५ पर्यंत येऊन परत वर.


तांब्याची तार
६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मस्त काम केलंत. ४.६१ म्हणजे ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. यूएसबी २.० च्या पोर्टाने ५०० मिलिअँपिअर द्यायला हवेत, तुमचं यंत्र त्याहून कमीच घेत असणार. तरी एवढं खाली बसतंय.

आता एसएमपीएसकडून निघालेल्या, कुठेही न जोडलेल्या चार वायरींच्या जोडात (जुन्या हार्ड डिस्कला लागायचा तो, एक पिवळी, दोन काळ्या, एक लाल) लाल आणि काळ्यामध्ये मोजा. तिथेही ४.७ च्या आसपास आलं तर दोष एसएमपीएसचा. तिथे ५.० आणि पोर्टावर ४.६ आलं तर मधला पॉलिफ्यूज थकलाय. एक मात्र आहे, काही बोर्डांवर पोर्टांना साध्या ५ ऐवजी स्टँडबायचे ५ व्होल्ट जातात, ती मोठ्या जोडातली जांभळी वायर. मशीन बंद असताना माउसचा दिवा लागलेला राहतो का?

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आत २३० व्होल्टचे सरळ केलेले सव्वातीनशे व्होल्ट कपॅसिटरमध्ये साठून राहतात, केबल काढल्यावरही थोडा वेळ. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारा, डोकं फुगलेले किंवा तपकिरी चिकट झालेले कपॅसिटर दिसले तर तेवढ्यावर समजून जा.

बिघडलेल्या पोर्टासाठी: आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे आणा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पॉवर केबल काढून, मऊ टूथब्रशचे केस अर्धे कापून, त्याने पट्ट्या घासा आणि तासभर वाळू द्या. कोकणच्या हवेत पट्ट्यांवर हिरवट थर धरतो, तो निघाला की काही वेळा पोर्ट परत येतो.


वायरमन निवृत्त
७ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

बाळ, मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. छत्तीस वर्षं खांबावर आणि घराघरांत वायरिंगचं काम केलं. सगळा धागा वाचला आणि एक प्रश्न विचारावासा वाटतो, इथे कुणी विचारला नाही. अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का?


कातळसडा
७ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

हो काका. पहिल्यापासून येतात. पावसाळ्यात जास्त. आम्हाला त्याची सवय झालीय, पायाखाली गोणपाट टाकून बसते. ते कॉम्प्युटरचं असतंच असं सगळे म्हणतात. त्याचा यूएसबीशी संबंध आहे का?


वायरमन निवृत्त
७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

असतंच असं नाही. असायला नकोच. तुझ्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लटकत राहतो, म्हणजे २३० च्या निम्मे, शंभर-सव्वाशे व्होल्ट. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. पण तोच पत्रा तुझ्या यूएसबीच्या पोर्टाचं कवच, आणि तोच त्याचा ग्राउंड. समोरून प्रिंटरची केबल येते. प्रिंटर दुसऱ्या बोर्डावर, त्याचा पत्रा वेगळ्याच व्होल्टवर. तू केबल लावतेस त्या घटकेला हा फरक त्या टोकातून वाहतो. वर्षानुवर्षं, दिवसातून पाच वेळा. आमच्या मेहुण्यांच्या दुकानात एकापाठोपाठ दोन प्रिंटर आणि एक टीव्ही असेच गेले होते, आणि दोष प्रत्येक वेळी त्या वस्तूंना दिला गेला.

मोजून बघ. मीटरचा खटका एसी ७५० वर. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात नाही ना हे दोनदा बघ, ती चूक झाली तर मीटर हातात फुटतो. बाहेर ओल्या मातीत एक लोखंडी सळई ठोक, तिला लांब वायर बांधून आत आण. मीटरचं एक टोक त्या वायरीला, दुसरं कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला.

सॉकेटमध्ये मोजायचं ते वायरमनला करू दे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. वरचं मोठं भोक बहुतेक घरांत शोभेचंच असतं, मागे हिरवी वायर नसतेच.

आणि एक हात जोडून सांगतो. कुणी म्हणेल, अर्थचं भोक न्यूट्रलला जोडून टाकतो, झिणझिण्या जातील. जातील. आणि ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी कॅबिनेटवर पूर्ण फेज येईल. तुझ्याकडे म्हातारी माणसं येतात, अंगठा ठेवायला टेबलाला टेकतात. हे कुणालाही करू देऊ नकोस.


पेंग्विनप्रेमी
७ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

काका, तुमचा हा प्रतिसाद मी साठवून ठेवला. इतकी वर्षं लोकांना ड्रायव्हर बदलायला सांगतोय आणि हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

कातळसडा, त्या मेलेल्या एकट्या पोर्टासाठी बोर्ड बदलायची गरज नाही. बोर्डावर बोटाच्या पेराएवढा छोटा स्लॉट असतो, पीसीआय एक्सप्रेस एक्स१. त्यात यूएसबी ३.० चं कार्ड बसतं, चार पोर्ट मिळतात, तेही ९०० मिलिअँपिअरचे. एसएमपीएसमधून वेगळी वीज घेणारं कार्ड घ्या, नाहीतर सगळा भार त्या छोट्या स्लॉटवर येतो. विंडोज १० मध्ये त्याचा ड्रायव्हर आधीच आहे. माउस मात्र बोर्डाच्या मूळ पोर्टातच ठेवा, जुन्या बायोसला कार्डावरचं काही दिसेलच असं नाही.


नवं ते सोनं
७ नोव्हेंबर, दुपारी १:००

काकांचं वाचल्यावर माझं म्हणणं थोडं बदलतो. नवीन मशीन घ्या हे अजूनही म्हणेन, सपोर्टसाठी. पण ते याच विजेच्या बोर्डावर लावलं असतं तर त्याचेही पोर्ट गेले असते. आधी अर्थिंग, मग मशीन.


झेडपी मास्तर
७ नोव्हेंबर, सायंकाळी ५:४५

मी आज शाळा सुटल्यावर संगणक कक्षात मोजलं. आठपैकी आठ मशीनच्या पत्र्यावर १०० च्या वर. सर्वात जास्त ११२. मुलं तिथे अनवाणी बसतात, चपला बाहेर काढायला आम्हीच सांगतो. मुख्याध्यापकांना लगेच फोन केला. उद्यापासून अर्थिंग होईपर्यंत कक्षाला कुलूप.


कातळसडा
९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

काका, माझ्याकडे ९६ व्होल्ट आले. गोणपाटावर बसून बारा वर्षं काम केलं आणि कुणाला विचारलं नाही, याचं आज वाईट वाटतंय.

मीटर हातात होता म्हणून तांब्याची तार दादांनी सांगितलेलंही केलं. लाल-काळ्यात ४.६८. जाळीतून टॉर्च मारला तर दोन कपॅसिटरांची डोकी घुमटासारखी वर आलेली. माउसचा दिवा मशीन बंद केल्यावर विझतो. नवा ४५० वॅटचा एसएमपीएस मागवला, कार्डही मागवलं.

अर्थिंगचं जरा अवघड आहे. आमचं घर जांभ्यावर आहे. वायरमन आज येऊन गेला, म्हणाला, दोन फुटांखाली कातळ लागतो, पाईप जाणार नाही. काय करावं?


वायरमन निवृत्त
९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

कातळ आहे म्हणून अडत नाही. साधारण अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाईप उभा गाडतात तो माती असेल तिथे. कातळावर आडवं जायचं. जिथे पाणी मुरतं ती बाजू बघ, न्हाणीघराचं पाणी जातं तिकडे माड असतील. त्या बाजूने अर्धा मीटर खोल चर खणा, जितका लांब जाईल तितका चांगला, पंधरा मीटर तरी. त्यात जीआयची पट्टी आडवी टाका, वरून चांगली माती भरून ठोका. तिथून आठ नंबरची जीआय तार मीटरच्या बोर्डापर्यंत, आणि तिथून हिरवी वायर कॉम्प्युटरच्या सॉकेटपर्यंत. जोड नुसता पिळून नको, नट-बोल्टने आवळून घ्या, गंजू नये म्हणून ग्रीस लावा. शिवाय मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच) बसवून घे. तो माणसासाठी आहे, मशीनसाठी नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड उघडून त्यात तिसरी वायर आहे का तेही वायरमनला बघू दे. सॉकेटपर्यंत अर्थ आणला आणि पुढे दोन वायरींचा बोर्ड, असं फार ठिकाणी बघितलंय.


कातळसडा
१६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सगळं झालं, आता सविस्तर लिहिते.

भावाने आणि शेजारच्या दोघांनी मिळून चर खणला, दोन दिवस पहार चालली. अठरा मीटर लांब, माडाच्या आळ्यापर्यंत. काकांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी, तार, नट-बोल्ट, आरसीसीबी. एक्स्टेन्शन बोर्डात तिसरी वायर खरंच नव्हती, फक्त तीन भोकं होती. तो फेकून दिला, नवा घेतला. प्रिंटर आणि कॉम्प्युटर आता एकाच सॉकेटवरून.

कॅबिनेट आणि सळई यांत आता मीटर दीड व्होल्ट दाखवतो. अनवाणी उभी राहून पत्र्यावर तळहात ठेवला. काही नाही. गार पत्रा, बस.

नवा एसएमपीएस बसवल्यावर वरच्या जोडीत अंगठ्याचं यंत्र चालू असताना ५.०३. अंगठा ठेवला तरी ५.०१. मधला पोर्ट अल्कोहोलने घासला, ब्रशला हिरवं लागलं, पण पोर्ट आला नाही, तीच एरर. त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. कार्ड बसवलं, टोकन आणि पेनड्राइव्ह आता त्यावर.

खर्च: एसएमपीएस १,९००, कार्ड ९५०, अर्थिंगचं सामान, आरसीसीबी आणि वायरमनची मजुरी मिळून ५,२००. मशीन बदलणार आहेच, जूनमधली दाखल्यांची गर्दी संपली की रिफर्बिश्ड घेईन. ते याच अर्थिंगवर लागेल.

त्या आजींकडे मी स्वतःच गेले होते निरोप द्यायला. शुक्रवारी आल्या. उजवा अंगठा कामाने झिजलाय, तो लागला नाही. डाव्या हाताचं मधलं बोट दुसऱ्या खेपेला लागलं. यंत्राचा दिवा एकदाही विझला नाही.


झेडपी मास्तर
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

अभिनंदन ताई. आमच्याकडे ग्रामपंचायतीने सामान दिलं, गुरुवारी खड्डा झाला. इथे माती आहे, त्यामुळे उभा पाईप गेला, कोळसा आणि मीठ घालून. ११२ चे २ झाले. कुलूप काढलं.

काका, एक शंका. उन्हाळ्यात माती भेगाळते तेव्हा हे टिकतं का?


वायरमन निवृत्त
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मास्तर, कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्याच्या तोंडाशी पाईप उघडा ठेवलाय ना, त्यात मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. बाळ, तुझ्या चरावर न्हाणीचं पाणी जातंय तोवर काळजी नाही, पण तरी मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, पुन्हा एकदा मोजा दोघंही, आणि आकडा इथे लिहा.


कातळसडा
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

मे महिन्याच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं काका, दहा तारखेला. शेजारच्या काकांचा मीटर परत दिला आणि स्वतःचा घेतला.